नियम एकतीस

सोहारला, बंदराच्या रस्त्याला,
टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही नियम लिहितो.
दवाखान्याच्या वेबसाइटचे:
बटण केवढं, अक्षर केवढं,
चूक झाली तर लाल रंगानं नेमकं बोलायचं काय.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, मला वाटतं –
बुथैनानं मार्कर खाली ठेवला.
वाटतं ते घरी. इथे मोजलेलं सांग.
तेव्हापासून प्रत्येक नियमापुढे ठिपके:
पाच म्हणजे पुष्कळ माणसं, पुष्कळ वेळा, तेच उत्तर.
एक म्हणजे जवळजवळ ऐकीव.

नियम चार. अरबी पानावर 'मागे' उजवीकडे असतं.
आमच्या बाणानं बारांतले नऊ जण चुकले,
बाण उलटवला, मग एकही नाही.
त्या दिवशी घरी जाऊन मीच
न्हाणीघराचं दार दोनदा बिजागरीच्या बाजूनं ढकललं.

नियम नऊ. वेल्डरचं बोट काचेला ओळखू येत नाही.
भाजून भाजून गुळगुळीत झालेलं टोक
तो पँटला पुसतो, ओठाला लावतो, पुन्हा दाबतो.
बटण मोठं करा. पाच ठिपके.

नियम चौदा. पहिल्या पानावरच्या हसऱ्या कुटुंबाकडे
कुणी बघत नाही.
नजरेच्या नोंदी त्या फोटोला वळसा घालून जातात
सांडलेल्या हळदीला मुंग्या घालतात तसा.
जाहिरातवाले दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

माणसं येतात शुक्रवारी, नमाजानंतर,
इस्त्रीचे कपडे घालून, पेपराला बसल्यासारखी.
आम्ही सांगतो, परीक्षा तुमची नाही, पानाची आहे.
कुणाचाही विश्वास बसत नाही.
पाच रियाल, एक डाळिंबाचा ज्यूस,
आणि शेजारी मी, तोंडाला कुलूप.
मदत करायची नाही. मानसुद्धा हलवायची नाही.

उस्मान परकार, बाणकोटचा, बंदरात क्रेनवर.
नाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं झरझर.
मग रकाना आला: तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?

तो थांबला.
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.
वीस सेकंद. पन्नास.
नव्वदला पान आपोआप मिटलं,
लिहिलेलं सगळं पुसून,
पुन्हा नावापासून.

"ताई, मी इचार करत व्हतो,
आन ह्यानं मला भायेर काढलान."

कागदावरचा ठरलेला प्रश्न मी वाचला:
या ठिकाणी आपण काय शोधत होता?
"शोधायचंय काय, नंबर सगले पाठ हायेत.
कोनाला कललेलं सोसंल, ते बगत व्हतो."

रात्री मी नियम एकतीस लिहिला:
माणूस थांबला म्हणजे उठून गेला, असं धरू नये.
किती जण? बुथैनानं विचारलं.
एक.
तिनं एकच ठिपका दिला,
पण ओळ खोडली नाही. अजून अकरा आण, म्हणाली.

आणले. पुढचे तीन शुक्रवार.
नेपाळी गवंडी सहा सेकंदांत पुढे गेला.
कोल्लमच्या आचाऱ्यानं स्वतःचाच नंबर टाकला.
सिल्हेटचा एक पोरगा माझ्याकडे बघत राहिला,
आणि मी भिंतीकडे.
उस्मान धरून पाच थांबले. बारांत पाच.
दोन ठिपके; ओढूनताणून अडीच,
पण अर्धा ठिपका आमच्याकडे नसतो.

शेवटच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
त्या खुर्चीत मी बसले.
नाव, जन्मतारीख, रक्तगट.
संशोधकानं स्वतःला मोजायचं नसतं,
म्हणून घड्याळ लावलं नाही.
खालचं शटर कधी पडलं कळलं नाही.
वर पाहिलं, तर पान
मला बाहेर काढून
केव्हाच पहिल्या रकान्यापाशी जाऊन उभं होतं.